उपशय आणि उपचार

अवजड कामाच्या भाराखाली एखादे यंत्र कोसळले, तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. परंतु जो संगणक दिवसभर पत्रव्यवहार, हिशेब आणि छायाचित्रे बिनतक्रार सांभाळतो, ज्यावर घरातील मुले सायंकाळी मोटारींच्या शर्यतीचे खेळ तासन्‌तास खेळतात, तोच संगणक ब्राउझरमध्ये पाच-दहा मिनिटांची एखादी साधी चित्रफीत लावताच क्षणार्धात काळाठिक्कर पडावा, वक्त्याच्या तोंडच्या शब्दाचा अर्धा तुकडा काही काळ तसाच पुन्हा पुन्हा उमटत राहावा, आणि अखेर निळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांत आपल्या पतनाची वर्दी देऊन त्याने स्वतःच पुन्हा सुरू व्हावे, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याच्या मनात वैतागाइतकेच कुतूहलही जागे व्हावे, असे त्यात काही तरी आहे. मोठे काम पेलणारे यंत्र लहान कामाला का कचरते, हा प्रश्न मला अनेक महिने सोडीत नव्हता. त्याचे उत्तर शोधताना यंत्राविषयी जे कळले ते कळलेच. पण त्याहून अधिक कळले ते निदान या क्रियेविषयी, आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम त्या ‘साध्या’ चित्रफितीचे वजन ध्यानात घेतले पाहिजे. आज ज्याला फुल एचडी म्हणतात त्या चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशासाठी एकेक बाइट धरला, आणि सेकंदाला २५ चौकटी हा आपल्याकडील दूरदर्शनचा शिरस्ता मानला, तर दर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट पडद्यावर आणावे लागतात, आणि शंभर मिनिटांचा चित्रपट या हिशेबाने ९०० गिगाबाइटांच्या पलीकडे जातो. घरोघरी येणाऱ्या सर्वसाधारण तारेतून एवढा लोंढा येणे शक्य नाही. त्याचा सुमारे अडीचशेवा हिस्सा, म्हणजे सेकंदाला पाच मेगाबिट, एवढाच प्रवाह सर्वसाधारण चित्रफितीच्या वाट्याला येतो. तेव्हा जे येते ते चित्र नव्हे. ते चित्राचे अत्यंत काटकसरीने लिहिलेले टाचण होय. २००३ साली मान्यता पावलेल्या एच.२६४ या पद्धतीत चौकटीचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, आणि हा चौकोन मागच्या चौकटीत अमुक ठिकाणी होता, तेथून इतका सरकला, आणि सरकताना त्याच्यात इतका फरक पडला, एवढेच पुष्कळदा नोंदवून ठेवतात. संपूर्ण चित्र मधूनमधून येणाऱ्या एखाद्याच चौकटीचे लिहिलेले असते. बाकीच्या चौकटी आपल्या पुढच्या-मागच्या सोबतिणींच्या भरवशावर उभ्या असतात. हे टाचण वाचून त्यातून मूळ चित्र पुन्हा उभे करणे, तेही एका चौकटीला ४० मिलिसेकंद एवढ्याच मुदतीत आठ हजारांहून अधिक चौकोन आपापल्या जागी बसवून, हे त्या ‘साध्या’ चित्रफितीमागचे अहोरात्र चालणारे श्रम आहेत.

हे श्रम करावे कोणी, या प्रश्नापाशी आपल्या विषयाचा खरा आरंभ होतो. संगणकाचा मध्यवर्ती प्रोसेसर ते करू शकतो, कारण तो सर्वच कामे करू शकतो; परंतु सर्व कामे करणाऱ्याला प्रत्येक काम थोडे महाग पडते, तो तापतो, त्याचा पंखा घरघरू लागतो, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये या एकाच कामासाठी सिलिकॉनवर कोरलेला एक स्वतंत्र विभाग ठेवण्यात येऊ लागला. त्याला दुसरे काही येत नाही. टाचणावरून चित्र उलगडणे, म्हणजे डिकोड करणे, तेवढे तो अल्प विजेत आणि अचूक करतो. यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली २३ एप्रिल २००५ रोजी. त्या काळी वेबवरील चित्रफिती फ्लॅश प्लेअरमधून चालत आणि त्यांचा भार बहुतांशी प्रोसेसरच वाही. २०१० साली फ्लॅश प्लेअरच्या १०.१ या आवृत्तीने विंडोजवर हे उलगडणे ग्राफिक्स कार्डाकडे सोपविण्याची सोय केली, पुढच्याच वर्षी फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीने पानाची रंगरंगोटीही त्याच्याकडे वळविली, आणि क्रोमने ग्राफिक्सच्या कामासाठी स्वतंत्र प्रोसेसच मांडली. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबने फ्लॅश सोडून एचटीएमएल-५ ही नेहमीची पद्धत केली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचे पाठबळ कायमचे संपले. फ्लॅश गेले, परंतु त्याच्या सेटिंगमधील जी एक लहानशी चौकट, ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ या शब्दांसमोरची, असंख्य लोकांनी खूण काढून रिकामी केली होती, ती चौकट बहुतेक ब्राउझरांच्या सेटिंगमध्ये वारसाहक्काने उतरली आहे.

असंख्य लोकांना ती रिकामी का करावी लागली, याचे मूळ शोधण्यासाठी आणखी मागे जावे लागते. विंडोज एनटीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा आणि तिचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला चालविणाऱ्या आज्ञावल्या, हे संगणकाच्या गाभाऱ्याबाहेर ठेवलेले होते. त्यात सुरक्षितता होती, पण प्रत्येक रेघेसाठी गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर परवानगी मागावी लागे आणि त्यात वेळ जाई. १९९६ साली आलेल्या एनटी ४.० ने वेगासाठी ही सारी यंत्रणा आत घेतली. वेग वाढला खरा. परंतु ज्या गाभाऱ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एखादी चूक झाली असता सबंध संगणक थांबविण्यावाचून गत्यंतर नसते, तेथे आता ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरलाही मुक्त प्रवेश मिळाला, आणि हा ड्रायव्हर म्हणजे काही दोनचारशे ओळींची आज्ञावली नव्हे, लक्षावधी ओळींचा तो एक प्रचंड ग्रंथ असतो. पुढे २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्यांना मिळालेल्या व्हिस्टाने हा ग्रंथ दोन भागांत विभागून मोठा भाग पुन्हा बाहेर काढला, आणि त्याबरोबरच एक फर्मान लागू केले: ग्राफिक्स चिपला दिलेले काम तिने दोन सेकंदांच्या आत उरकले पाहिजे किंवा वाटेत सोडता आले पाहिजे, तसे न झाल्यास ती बेशुद्ध समजून तिला नव्याने उठविण्यात येईल. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि कोपऱ्यात ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले होते, तो आता सावरला आहे’ अशा अर्थाची सूचना झळकते, ती या दोन सेकंदांच्या फर्मानाची अंमलबजावणी होय. उठवूनही चिप उठली नाही, किंवा हाच प्रसंग अल्पावधीत वारंवार ओढवला, म्हणजे मग निळा पडदा. हे संक्रमण किती कठीण गेले याचा एक दाखला न्यायालयाच्या दप्तरात आहे: व्हिस्टाच्या विक्रीसंबंधीच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टची जी अंतर्गत कागदपत्रे २००८ साली उघड झाली, त्यांतील २००७ मधील काही काळाच्या नोंदींनुसार व्हिस्टाच्या बिघाडांपैकी २८ टक्क्यांहून अधिक बिघाड एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांकडे जात होते.

इतका इतिहास मला आधी ठाऊक होता असे नाही. तो मी शोधला तो एका गरजेपोटी. साताऱ्याच्या आमच्या घरी जो संगणक आहे तो माझ्या थोरल्या बंधूंनी, ते हयात असताना, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग निवडून आणून स्वहस्ते जुळविलेला आहे. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या साथीमुळे शाळांना टाळे लागले आणि नात नववीचे विज्ञान व भूमिती चित्रफितींतून शिकू लागली, तेव्हा घरातील एकमेव मोठा पडदा म्हणून हाच संगणक तिच्या वाट्याला आला; आणि बरोबर त्याच दिवसांत तो वर वर्णिलेल्या रीतीने कोसळू लागला. प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर यावी आणि पडदा काळा व्हावा, हे त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आणणारे होते. निर्बंध सैल झाल्यावर दुरुस्ती करणारा एक तरुण आला. मुलगा कामसू होता, त्याने पेटी उघडली, ब्लोअरने धूळ उडविली, कार्ड उपसून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, आणि ते परत बसवून म्हणाला, “काका, बघा दोन दिवस. नाहीच चाललं तर कार्ड गेलंय समजा. नाहीतर फॉरमॅट मारून देतो. पण खरं सांगू का, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या.” पुढले काही दिवस संगणक सुरळीत चालला, आणि मग एका सकाळी पुन्हा कोसळला.

त्या सुरळीत गेलेल्या दिवसांचा उलगडा मला बऱ्याच काळाने झाला, पण तो येथेच सांगून टाकतो, कारण त्यात फसगतीचे बीज आहे. वेबवरील सर्व चित्रफिती एकाच पद्धतीने संकुचित केलेल्या नसतात. एच.२६४ बरोबरच २०१३ साली पूर्णत्वास गेलेली व्हीपी-९ ही पद्धत आहे, आणि २०१८ पासून एव्ही-१ ही आणखी नवी. व्हीपी-९ चे उलगडणे आमच्या जुन्या कार्डाला ठाऊकच नव्हते. त्यामुळे त्या पद्धतीची चित्रफीत लागली की ब्राउझर निमूटपणे ती प्रोसेसरकडे देई आणि ग्राफिक्स चिपमधील तो विशेष विभाग स्वस्थ राही. धूळ झाडल्यानंतरच्या दिवसांत नातीच्या पाहण्यात आलेले पाठ व्हीपी-९ चे होते, एवढाच काय तो योग. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हटले आहे: कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. धूळ झाडणे चांगलेच; परंतु त्या आजाराशी धुळीचा संबंध नव्हता.

संगणक पुन्हा कोसळला तेव्हा मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती प्रसिद्ध चौकट रिकामी केली आणि ब्राउझर नव्याने सुरू केला. कोसळणे थांबले. प्रोसेसरचा पंखा मोठ्याने फिरू लागला, उच्च प्रतीच्या चित्रफितीत चित्र मधूनच अडखळू लागले. पण पडदा काळा होणे बंद झाले, आणि घरातील सर्वांच्या मते प्रश्न सुटला. माझ्या मते तो तेथे सुरू झाला.

आयुर्वेदात रोगज्ञानाची जी पाच साधने सांगितली आहेत, म्हणजे निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, त्यांतील चौथ्याकडे आधुनिक मनाचे लक्ष सहसा जात नाही, आणि मला तर ते त्या पाचांतील सर्वांत बुद्धिमान वाटते. ज्या व्याधीची लक्षणे गूढ आहेत, पाहून किंवा विचारून जिचा निर्णय होत नाही, तिची परीक्षा उपशय आणि अनुपशय यांनी करावी, असे चरकसंहितेचे सांगणे आहे. अमुक औषध, अन्न वा आचरण देऊन पाहावे. आराम पडला तर तो उपशय, पीडा वाढली तर तो अनुपशय, आणि दोहोंवरून आत कोणती व्याधी दडली आहे याचे अनुमान करावे. येथे मर्माची गोष्ट अशी की, दिलेले औषध या ठिकाणी रोगाला विचारलेला प्रश्न असते. त्याने आराम पडला म्हणून वैद्य आपले काम संपले असे मानीत नाही, त्याला केवळ एक उत्तर मिळालेले असते. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करणे हा या अर्थाने शुद्ध उपशय आहे. त्याने एवढेच सांगितले की, दोष ब्राउझरपासून ग्राफिक्स चिपपर्यंतच्या त्या एका वाटेवर कोठे तरी आहे. वाट लांब आहे: ब्राउझर, परिचालन प्रणालीतील व्हिडिओची मध्यस्थ यंत्रणा, ड्रायव्हर, चिपमधील डिकोडर, कार्डाची स्वतःची स्मृती, आणि या सर्वांना वीज पुरविणारा एसएमपीएस. जो उपशयालाच उपचार समजतो, त्याने रोग्याला आयुष्यभर अंथरुणावर राहण्याचा सल्ला देऊन ताप गेल्याचे समाधान मानल्यासारखे होते.

म्हणून ती खूण मी परत केली, आणि नातीच्या अभ्यासाच्या वेळा सांभाळून रोज सकाळी एकेका संशयिताचा जबाब घेऊ लागलो. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, आणि बदल केला की त्याची तारीख, वेळ व परिणाम वहीत लिहावयाचा. दुसरा ब्राउझर बसविला; त्यातही पडदा काळा झाला. तीच फीत संगणकावर उतरवून घेऊन एका वेगळ्या प्लेअरमध्ये लावली. डिकोडरची मदत बंद असताना ती शेवटपर्यंत चालली, चालू करताच कोसळली. ब्राउझर या कसोटीने निर्दोष सुटला, आणि ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण लोक वर्षानुवर्षे ब्राउझर बदलत बसतात. स्मृतीची तपासणी करणारी आज्ञावली रात्रभर चालविली; चूक आढळली नाही. उष्णतेचा संशय तर फारच सकृद्दर्शनी होता, आणि साताऱ्याच्या मे महिन्यात तो कोणालाही यावा. परंतु रात्रभर बंद राहिलेला, हाताला गार लागणारा संगणक पहाटे सुरू करून पहिल्याच मिनिटात चित्रफीत लावली तरी तो कोसळतो, हे दिसल्यावर तो आरोप टिकला नाही.

राहिला तो खेळांचा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत अधिक गुंगवून गेला. जे कार्ड मोटारींच्या शर्यतीत पूर्ण ताकदीने तासन्‌तास राबते, ते या हलक्या कामात का मरावे? दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने फोनवर हाच मुद्दा काढला होता: “कार्ड गेलं असतं तर गेम चालली असती का, काका? म्हणजे विंडोजच गंडलंय.” त्याचा तर्क सरळ होता, परंतु त्यात एक पदर सुटला होता. खेळात चिपमधील जे असंख्य लहान गणक राबतात त्यांचा आणि चित्रफीत उलगडणाऱ्या विभागाचा परस्परांशी फार थोडा संबंध आहे. खेळ सहसा त्या विभागाला हातही लावीत नाही. शिवाय ग्राफिक्स चिप एकाच वेगाने चालत नाही. स्वस्थ असताना ती आपला वेग आणि विद्युत्‌दाब अगदी खाली आणते, खेळात दोन्ही शिखरावर नेऊन तेथेच राहते. आणि चित्रफितीच्या वेळी पुष्कळ कार्डे मधल्या एका पायरीवर उभी राहतात, फीत थांबविली की खाली उतरतात, पुढे सरकविली की पुन्हा वर चढतात. शिखरावर किंवा तळाशी स्थिर उभ्या राहणाऱ्या कार्डाचा तोल या पायऱ्यांच्या चढउतारात जाऊ शकतो, आणि ही पायरी केव्हा व किती दाबाने चढावयाची हे ठरविण्यात ड्रायव्हरचाच मोठा वाटा असतो. खेळ सुरळीत चालतो यावरून कार्डाचा एक भाग धडधाकट आहे एवढेच सिद्ध होते. चित्रफितीच्या कामी येणाऱ्या भागाविषयी तो साक्षीदार मुकाच असतो.

ड्रायव्हरकडे बोट दाखविणारा पुरावा वास्तविक संगणकाच्या स्वतःच्याच दप्तरात पहिल्यापासून पडून होता. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक बारनिशी असते. तीत यंत्रात घडलेली प्रत्येक उल्लेखनीय गोष्ट तारीखवार नोंदलेली असते, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर थबकून सावरल्याची नोंद तेथे ‘डिस्प्ले’ या सदराखाली ४१०१ या क्रमांकाने येते. मी ती बारनिशी मागे मागे वाचीत गेलो. ४१०१ च्या नोंदी जेथे पहिल्यांदा दिसू लागतात, त्याच्या आदल्याच दिवशी एका स्वयंचलित अपडेटने ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर बसविल्याची नोंद होती. त्यापूर्वीच्या साऱ्या काळात, बंधूंच्या हयातीपासून, अशी एकही नोंद नव्हती. तो दिवस मला आठवतो. बंधूंनी जुळविलेल्या यंत्रावरील आरोप त्या एका कोरडेपणाने लिहिलेल्या ओळीने जवळजवळ पुसून टाकला होता, आणि मला त्याचा जो आनंद झाला तो केवळ कोडे सुटल्याचा नव्हता.

जवळजवळ म्हटले, कारण एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कारण असता कार्य असते हा अन्वय. कारण नसता कार्य नसते हा व्यतिरेक. दोन्ही दाखविता आले पाहिजेत. मी इंटरनेटची तार काढून ठेवली, सेफ मोडमध्ये नवा ड्रायव्हर त्याच्या सर्व अवशेषांसह काढून टाकला, आणि बंधूंच्या सीडींच्या डबीत नीट लेबल लावून ठेवलेला जुना ड्रायव्हर बसविला. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू ठेवून त्याच फिती, त्याच सकाळच्या गारव्यात, फीत पुढे-मागे सरकवीत, पूर्ण पडद्यावर लावल्या. पडदा काळा झाला नाही. पुढे काही आठवड्यांनी अपडेटने न विचारता तोच नवा ड्रायव्हर पुन्हा आणून बसविला आणि नातीचा रसायनशास्त्राचा पाठ पुन्हा अंधारात बुडाला, तेव्हा तिला वाईट वाटले. मला मात्र जो पुरावा मुद्दाम घडवून आणावा लागला असता तो आपणहून चालत आला होता. जुना ड्रायव्हर पुन्हा बसविला, त्या यंत्राला ड्रायव्हर आपणहून घेण्यास मनाई केली, आणि आजतागायत तो संगणक त्याच कार्डावर चालतो आहे.

सर्वांचीच कहाणी अशी सुखान्त होईल असे मी म्हणणार नाही, आणि ड्रायव्हर बदलला की सर्व काही सुरळीत होते असा समज तर मुळीच पसरवू इच्छित नाही. पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी दिसत असेल, तर ती वेगळी खूण आहे: १०८० ला १६ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून चौकट आतल्या आत १०८८ ओळींची केलेली असते आणि तळाच्या जादा आठ ओळी दाखविताना कापावयाच्या असतात, त्या कापल्या गेल्या नाहीत आणि तेथे काहीच लिहिलेले नसले, तर ती शून्ये रंगांच्या रूपांतरात हिरवी होऊन बाहेर पडतात. सबंध चित्रच हिरवे असेल, तर डिकोडरकडून रिकामा कागद परत आला आहे. आणि कधी दोष खरोखरच सिलिकॉनच्या पायाखाली असतो. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या जोडणीचे साहित्य दुर्बळ ठरल्याचे जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद केली. तापणे आणि थंड होणे यांच्या नित्य फेऱ्यांनी त्या चिपांखालचे सूक्ष्म टाके तडकत होते. अशा चिपला गरम हवेचा झोत देऊन काही दिवस पुन्हा चालती करणारी दुकाने पुष्कळ आहेत. तेथेही टाके तडकले आहेत हे त्या झोताने सिद्ध होते, एवढेच. ते सांधले जात नाहीत, आणि गिऱ्हाइकाकडून मात्र दुरुस्तीचे पैसे घेतले जातात.

माझे मत विचाराल तर, ज्या जुन्या यंत्राला त्याच्या निर्मात्याने नवे ड्रायव्हर देणे थांबविले आहे आणि जुनाही चालत नाही, त्याच्यावर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन कायमचे बंद ठेवावे, चित्रफीत ७२० किंवा ४८० ओळींवर पाहावी, आणि त्याला उरलेले आयुष्य समाधानाने जगू द्यावे. त्यात काहीही गैर नाही. परंतु तो निर्णय तपासाअंती व्हावा. २०२० सालानंतर कितीतरी घरांतील धडधाकट संगणक केवळ चित्रफिती चालत नाहीत म्हणून माळ्यावर किंवा भंगारात गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांतील प्रत्येकाच्या दप्तरात बहुधा एक ओळ होती, आणि ती वाचणारे कोणी नव्हते.

तेव्हा आपल्या घरी असे घडत असेल, तर कृपा करून एक वही घ्या, पडदा काळा झाल्याची वेळ लिहा, आणि दुरुस्ती करणारा आला म्हणजे त्याला स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी इव्हेंट व्ह्यूअर उघडावयास सांगा. फॉरमॅटची घाई करू नका. फॉरमॅटने रोग जाईल किंवा राहील, ते आधी सांगता येत नाही. पण त्या बारनिशीतील सर्व नोंदी मात्र निश्चितपणे पुसल्या जातात.